रडणं ऐकायला जाणारी धवलारीण

पालेगावच्या अंगणवाडीत लस टोचायचा दिवस असला की आजी सकाळीच आंघोळ उरकून, ठेवणीतलं लुगडं नेसून तिथे जाऊन बसायची. बरोबर मूल नाही, हातात पिशवी नाही. भिंतीला पाठ टेकायची, पाय पसरायची आणि डोळे मिटून घ्यायची. आत पहिल्या बाळाला सुई लागली आणि त्याने टाहो फोडला की हिची मान डोलायला लागायची. "काय खनखनीत रडतं गो तुजा पोरगा!" असं ती त्या बाळाच्या आईला मोठ्या कौतुकाने सांगायची. एखादं मूल नुसतंच कुंथून गप्प झालं तर हिचा चेहरा पडायचा. दुसरी माणसं भजनाला जाऊन बसतात तशी ही रडणं ऐकायला बसायची.

साहजिकच गावातल्या लेकुरवाळ्यांना हे आवडत नसे. म्हातारीची नजर लागते म्हणून त्या आपली पोरं पदराखाली घ्यायच्या. एकीने तर आजी उठून गेल्यावर तिथल्या तिथे मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी मला रस्त्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सिस्टर, तुमच्या पेशंटची आजी डोक्याने बरी आहे ना?"

मी म्हटलं, "तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे. तिला बसू द्या."

बाईंना ते पटलं नाही. पण मला कारण ठाऊक होतं आणि ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

मी लहान मुलांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स. दवाखान्याने घरी सोडलेली, पण यंत्राशिवाय आणि माणसाशिवाय एक तासही काढू न शकणारी मुलं असतात, त्यांच्याकडे मी दिवसपाळीला जाते. राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. आमच्या एजन्सीने मला पालेगावला धाडलं ते दुर्वासाठी. ही पोर दिवस भरायच्या फार आधी जन्मली होती. बरेच दिवस घशात यंत्राची नळी राहिली आणि त्यामुळे तिची श्वासनळी आवाजाच्या पेटीखाली आवळत गेली. मग डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून तिथे एक छोटी नळी बसवली. ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात त्याला. वारा त्या नळीतून आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो, वर घशापर्यंत पोचतच नाही. म्हणून अशा मुलाला आवाज नसतो. ते हसतं तेव्हा हसू ऐकू येत नाही आणि रडतं तेव्हा रडू ऐकू येत नाही.

आम्हाला सवय झालेली असते, पण पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलतं. तोंड उघडं, चेहरा लालभडक, डोळ्यांतून धारा, आणि खोलीत टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं सगळं गप्प. दुर्वा अशी रडायला लागली की आजी तिच्या छातीला कान लावून बसायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारी श्वास तपासते आहे. तिने मान वर करून मला विचारलं, "तुना ऐकू येतं का गो? तुजे त्या नलीच्या मशीनान?"

माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. मी म्हटलं, "श्वास ऐकू येतो, आजी. रडणं नाही."

"मग काय कामाची ती," म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

ही बाई धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात धवले म्हणतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी लग्न तीच लावायची. नंतर भटजी आले, मग बँजो आला, मग डीजे आला, तशी धवलारणीची जागा मांडवातून सरकत सरकत कडेच्या खांबाशी आली. पण आमच्या आजीचा त्या भागात दरारा होता. पाठवणीचा धवला तिने धरला की नवरीचा बाप, ज्याने आयुष्यात कधी डोळ्यातून टिपूस काढलं नाही, तोसुद्धा मांडवाच्या मागे जाऊन रडायचा, असं लोक सांगत. ती स्वतः मात्र कधी रडली नाही. गाणारीने रडायचं नसतं, रडली तर धवला तुटतो, असा तिचा नियम होता.

एकदा दुर्वाचं ते मुकं रडणं थांबल्यावर ती म्हणाली, "आख्ख्या गावाला मी रडवली. सगल्यांचा रडना ऐकला. आन् माजे घरची ही एकटी, तिचा रडना मना ऐकू येत नाय. देव पन कसा बग." मग म्हणाली, "मरायच्या आदी एकदा ऐकाला पायजे." त्या बाईला नातीचं हसू नको होतं, बोबडे बोल नको होते, आजी म्हणून हाक नको होती. तिला तिचं रडणं हवं होतं. आणि ते मिळेपर्यंत ती गावातल्या पोरांच्या रडण्यावर भागवत होती.

माझी आणि तिची पहिली भेट मात्र भांडणाने झाली. मी एजन्सीचा पांढरा कोट घालून दारात उभी राहिले आणि तिने मला पायरीवरच अडवलं.

"ह्यो पांढरा काढ."

"आजी, हा युनिफॉर्म आहे."

"आसंल. नवरीचे खोलीन दवाखान्याचा पांढरा चालत नाय. पोर घाबरतं."

दुर्वाची आई आतून ओशाळून म्हणाली, "सिस्टर, प्लीज, आईंचं मनावर घेऊ नका. त्या तिला नवरीच म्हणतात." मी घेतलं मनावर. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही. मी तिला सांगितलं की या कोटाखाली मी किती पोरं सांभाळली आहेत. तिने शांतपणे ऐकलं आणि दुर्वाकडे बोट दाखवलं. पोरगी कोट बघून खाटेच्या कोपऱ्यात शिरली होती, मनगटातलं घुंगरू खुळखुळ वाजत होतं. ते घुंगरू आजीनेच बांधलं होतं. आवाज नाही तर हाक कशी मारणार, म्हणून. घाबरली की, भूक लागली की, कोणी हवं असलं की दुर्वा हात झाडायची. मी कोट काढून दाराबाहेरच्या खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी कॅम्प दोनच्या बाजारातून कापड आणून रंगीत कोट शिवून घेतला. दुकानदार म्हणाला, "दीदी, सिस्टर लोग तो सफेद ले जाते हैं, आप ये गुलाबी फूल?" मी म्हटलं, "शादी का घर है." एजन्सीच्या सुपरवायझरला हे कळल्यावर तिने मला बरंच सुनावलं, पण तो कोट मी सोडला नाही.

नवरी ठरली तशी मी कलवरी ठरले. आपण करवली म्हणतो तीच. "कलवरी नवरीला एकटी सोडत नाय," हा त्या घरातला पहिला कायदा होता. आमच्या ट्रेनिंगमध्येही हेच शिकवतात, की नळी असलेल्या मुलाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, कारण नळी तुंबली तर ते ओरडून सांगू शकत नाही. शिकवताना चार चार तास घेतात. आजीने ते एका वाक्यात उरकलं होतं आणि वर मानही दिला होता. मी हात धुवायला मोरीत गेले तरी ती पटकन येऊन माझ्या जागेवर बसायची, आणि मी परत आले की उठायची. आल्या दिवशी मी डबा उघडला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "कलवरी लग्नघरी डबा घेऊन येतं? आमची इज्जत काडतंस का?" त्या दिवसापासून मला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. माझ्या घरी नवऱ्याला वाटायचं मी डाएट करते, कारण रात्री मला भूकच नसायची.

आता त्या गाण्याबद्दल सांगायला हवं. गळ्यातल्या नळीत कफ साठतो, घरघर सुरू होते, तो यंत्राला जोडलेल्या बारीक नळीने ओढून काढायचा असतो. सक्शन. ओढताना मुलाला श्वास घेता येत नाही, म्हणून काम झटपट व्हायला लागतं. आम्ही एक युक्ती करतो. नळी आत घालताना आपला श्वास रोखायचा, आपल्याला हवा लागायला लागली की समजायचं, मुलालाही लागते आहे, नळी बाहेर. मी दुर्वाच्या आईला हे शिकवत होते. आजी उंबऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "दम धरून गप बसाचा? माजा दम गान्यासाठी हाय." आणि पुढच्या वेळी मी नळी आत घातली तर पाठीमागून तिचा आवाज आला:

"वाट झाली मोकली, दार झाला उघडा, ये रं वाऱ्या, नवरीचे घरा."

मी दचकले. पुन्हा असं करू नका म्हणून सांगितलं. पुन्हा केलं. सुपरवायझरला फोन लावीन म्हटलं. "लाव," म्हणाली. पण दुर्वा, जी सक्शनच्या वेळी दोन जणींनी धरून ठेवावी लागायची, ती गाणं सुरू झालं की मान वर करून पडून राहायची. तिला कळायचं की हे 'घरा'पाशी संपणार आहे. ज्या त्रासाला शेवट आहे तो पोरं सोसतात. मग मीही नळी 'वाट'ला आत घालायचे आणि 'घरा'ला बाहेर काढायचे, आणि बघता बघता माझा हात त्या चालीवर पडायला लागला. शुक्रवारी आमच्याकडे हमखास लाइट जाते. तेव्हा बॅटरीही दगा द्यायला लागली की पायाने दाबायचा पंप काढायचो. तो पंप आजी मारायची. एका पायाने पंप आणि तोंडाने गाणं, कपाळावर घामाच्या धारा, आणि मध्येच मला ओरडायची, "ताल सोडतंस कलवरी!"

हे गाणं धवला नव्हता, हे ती प्रत्येकाला बजावून सांगायची. धवला मांडवाबाहेर म्हणायचा नाही. हे तिने दुर्वासाठी जुळवलेलं, घरगुती. पण तेही तिने कधी मोबाइलमध्ये भरू दिलं नाही. दुर्वाच्या आईने एकदा हळूच फोन पुढे केला तर आजी ओळीच्या मध्यावर थांबली. माझी नळी आत आणि गाणं बंद! "डब्यान भरलेला गाना आंबतो," म्हणाली. "ज्याला पायजे त्याने हितं याचा आन् ऐकाचा." आज मला वाटतं, तिचं तेवढं ऐकायला नको होतं. कुठेतरी, कोणाच्या तरी फोनमध्ये तो आवाज असायला हवा होता. कधी कधी रिक्षातून येताना मी ती ओळ आठवून म्हणून बघते. शब्द सगळे येतात, पण तिचा तो 'घरा'वरचा उतार माझ्या गळ्यात उतरत नाही.

तिच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. गावातच मांडव होता. भटजी होताच, पण घरचा मान म्हणून धवल्यासाठी तिला बोलावणं आलं. तिने अट घातली, दुर्वा येणार. मी विरोध केला. धूळ, गर्दी, अक्षता, फटाक्यांचा धूर. "नवरी लग्नाला नाय जानार तर कुटं जानार?" तिने विचारलं. दुर्वाच्या आईने पोरीसाठी लाल परकर आधीच शिवून ठेवला होता, ते मी पाहिलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी काळजी घेऊन न्या म्हटलं. मग मी बॅटरीवरचं यंत्र, जादा नळी, सगळी पोतडी घेऊन, गुलाबी फुलांचा कोट घालून, मांडवात कडेच्या खुर्चीवर दुर्वाला मांडीवर घेऊन बसले. ती तीन वर्षांची होती आणि एवढी माणसं तिने कधी बघितली नव्हती. डोळे नुसते भिरभिरत होते.

पाठवणीला आजीच्या हातात माइक दिला. तिने धवला धरला. मी तिला घरात हजारदा ऐकलं होतं, पण ते हे नव्हतं. माझा पाठवणीशी काही संबंध नव्हता, नवरीला मी ओळखतही नव्हते, तरी माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि त्याच वेळी बाहेर बँजो पार्टीने वरातीची तयारी म्हणून ठणठणाट सुरू केला. त्या गोंगाटात मला घरघर ऐकूच आली नाही. घुंगरूही ऐकू आलं नाही. मी खाली बघितलं तेव्हा दुर्वाचे ओठ काळसर पडायला लागले होते आणि ती हात झाडत होती.

मी यंत्राला हात घातला तोच गाणं बंद पडलं. आजीने माइकपाशी उभ्या उभ्या पाहिलं होतं. पाठवणीचा धवला, नवरीचा पाय उंबऱ्यापाशी, आणि ती मध्येच थांबली. माइकवरून तिचा आवाज गरजला, "ए बँजोवाल्या! बंद कर तो!" बँजो बंद झाला. अख्खा मांडव आमच्याकडे वळला. आणि त्या शांततेत, त्या माइकमधून, तिने सुरू केलं, "वाट झाली मोकली, दार झाला उघडा..."

माझे हात त्या चालीवर आपोआप चालले. वाट, आत. घरा, बाहेर. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. नळीतून कफाची चिकट गाठ निघाली, दुर्वाने ओढून श्वास घेतला आणि ओठांवर रंग परत आला. आजीने एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने पाठवणीचा धवला जिथे तोडला होता तिथून पुढे धरला.

नवऱ्याकडची मंडळी नाराज झाली. पाठवणीत अपशकुन झाला, धवला तुटला, असं म्हणत वरात निघाली. पुतण्याने घरी येऊन तोंड सोडलं. "काकी, तुमाला माइक दिला तीच आमची चूक झाली. सिस्टर होत्या ना बघायला?"

"धवला तुटला नाय," आजी म्हणाली. "मदी एक कडवा जास्त झाला."

पुढच्या लगीनसराईत तिला कोणी बोलावलं नाही. वाजतगाजत वराती घरावरून जायच्या, मांडवांतून स्पीकरवर कोणाचे तरी रेकॉर्ड केलेले धवले लागायचे. ती खिडकीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "खालच्या पट्टीन लावलाय, मेल्यांनी." तिला वाईट वाटायचं. अशा दिवशी ती दुर्वाची वेणी दोन-दोनदा सोडून घालायची. एकेकाळी पंचक्रोशी जिच्या गळ्यावर लग्नं लावायची, ती आता एका पोरीच्या सक्शनला गात होती. आणि गाताना आवाजात तसूभरही कसर करत नव्हती.

दुर्वा चार वर्षांची झाल्यावर मुंबईला तिचं मोठं ऑपरेशन झालं. श्वासनळीची आवळलेली जागा रुंद केली. पुष्कळ दिवस ती आणि तिची आई तिकडेच होत्या. आजीला तिकडे जाऊ दिलं नाही, तिचा जीव इकडे टांगलेला. मग नळी काढल्याचा फोन आला. आजीने अंगण सारवलं, दाराला तोरण लावलं आणि मला निरोप धाडला की उद्या ये. नळी नसली तरी गळ्याचं भोक भरून येईपर्यंत काही आठवडे माझी पाळी चालूच राहणार होती.

दुर्वा आली. गळ्याला छोटी पट्टी, नाकाने श्वास. आजीने तिच्या नाकासमोर हात धरला, वारा लागला तसा चटकन मागे घेतला, भाजल्यासारखा. पोर ओठ हलवून काहीतरी पुटपुटायची, घशातून वाऱ्यासारखं 'आ' यायचं. आम्हाला तेवढ्याने आनंद. पण पहिल्यांदा ती पडली, गुडघा फुटला, तेव्हा तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, धारा लागल्या आणि आवाज नाही. तीच जुनी शांतता. आजी छातीला कान लावायला पुढे झाली आणि तशीच थांबली.

"नली गेली. वारा आला. मग रडना कुटं हाय?" तिने मला विचारलं.

मी समजावलं, की तिला ठाऊकच नाही आवाज लावून रडायचं, जन्मापासून ती असंच रडत आली आहे, शिकेल हळूहळू. दुर्वाची आई वैतागून, अर्धवट थट्टेत म्हणाली, "आई, एक चिमटा काढा, रडेल ती." आजी तिच्यावर कडाडली. "रडवाचा नाय! मी कोनाला मारून रडवला का कवा? रडना आपून येतं." आणि ती पुन्हा लशीच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसायला लागली.

मागच्या वर्षी ती गेली. मी तेव्हा बदलापूरला, खरवईच्या एका नव्या इमारतीत ड्यूटीवर होते. आताही तिथेच जाते. सातव्या मजल्यावरचं घर, गळ्यात नळी असलेलं, तेव्हा आठ महिन्यांचं बाळ. दुर्वाच्या आईचा फोन आला, "सिस्टर, आई गेल्या, येताय का?" बाळाची आई बँकेत कामाला गेलेली, बदली नर्स मिळेना. पालेगाव फार लांब नाही. पण मी त्या खाटेशेजारून उठू शकले नाही. उठले असते तर म्हातारीने तिरडीवरून उठून विचारलं असतं, नवरीला कोनाच्या भरवशावर टाकून आयलीस? मी बाळाची घरघर ऐकली, नळी जोडली आणि ओठांतल्या ओठांत तिची ओळ म्हणत काम केलं. तिच्यासाठी मला तेवढंच करता आलं. आणि मला ती इतकी हवीशी झाली, तिचं ओरडणं, तिचं कालवण, तिचं ते उंबऱ्यात बसणं, की सक्शन संपल्यावरही मी ती ओळ म्हणत राहिले. संध्याकाळी बाळाच्या आईने विचारलं, "सिस्टर, हे कुठलं गाणं? छान आहे, रेकॉर्ड करू का?" मी नको म्हटलं.

आता त्याआधीचा, पालेगावचा माझा शेवटचा दिवस सांगायचा राहिला.

दुर्वाच्या गळ्याचं भोक भरून आलं होतं. माझी गरज संपली होती. आमच्या कामात हे असंच असतं. मूल बरं झालं की आपण त्या घरातून उठायचं, आणि बरं व्हावं म्हणूनच तर आपण राबलेलो असतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? दुपारी जेवण झालं. आजीने मला पाटावर बसवून कलवरीचा मान दिला, हिरवी साडी आणि नारळ. मला वाटलं, ती काहीतरी गाईल. गायली नाही. मी दुर्वाला जवळ घेऊन सांगितलं की उद्यापासून सिस्टर येणार नाही. तिने माझ्या कोटावरचं एक फूल बोटाने गिरवलं आणि खेळायला गेली. तिला कळलं नसावं, असं मला वाटलं. मी पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

अंगणात आले तेव्हा मागे घुंगरू वाजलं. मी वळले नाही. वळले असते तर निघवलं नसतं. घुंगरू आणखी जोरात वाजलं. मी फाटकाला हात लावला.

आणि मागून आवाज आला.

आधी मला वाटलं, शेजारच्या घरातलं पोर. घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा आणि परत लागणारा. मग अंगावर काटा आला. मी पिशवी तिथेच टाकली आणि धावत मागे आले. आत दुर्वा आईच्या कमरेला धरलेली, दुसरा हात माझ्याकडे ताणलेला, तोंड उघडं, चेहरा लाल, आणि या वेळी घर भरून तिचं रडणं. मी पायरीवर पाय ठेवला तोच आजीने चौकटीत हात आडवा घातला.

"थांब."

"आजी, ती माझ्यासाठी रडते आहे. येऊ द्या मला आत."

"मना म्हायती हाय," ती म्हणाली. "म्हनूनच थांब."

तिने चौकटीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. हात तसाच आडवा. अंगणवाडीत डोलायची तशी तिची मान हळूहळू डोलायला लागली. मी बाहेर उभी, पोर आत रडते आहे, मधे हा सुरकुतलेला हात, आणि मला तो ढकलवेना.

"घोगरा हाय," थोड्या वेळाने ती म्हणाली. मग म्हणाली, "पन तिचाच हाय."

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, हनुवटीवरून लुगड्यावर पडायला लागलं. ती ते पुसत नव्हती. माझेही डोळे वाहत होते. आत दुर्वा श्वास घ्यायला थांबली, आणि पुन्हा तिने सूर लावला, आधीपेक्षा वरचा.

"आता जाऊ आत?" मी विचारलं.

"जरा थांब गो कलवरी," ती डोळे न उघडता म्हणाली. "अजून एक कडवा होऊ दे."